कंट्रोलच नापास झालं तेव्हा: मलेरिया परजीवीच्या जीवनसत्त्वावर बेतलेला एक एम.फार्म. प्रबंध

पार्श्वभूमी

नाशिकमधल्या एका फार्मसी महाविद्यालयात मी औषधी रसायनशास्त्र शिकवते. हे प्रकरण माझ्याच मार्गदर्शनाखालच्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचं आहे. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. यातल्या बऱ्याच चुका तिच्या नाहीत, माझ्या आहेत, हे आधीच सांगून टाकते.

विद्यार्थिनी निफाडकडची, घरी द्राक्षबाग. तिला विषय हवा होता मलेरियाचा. कारण साधं होतं: बी.फार्म.ला असताना परजीवीचा फोलेट मार्ग तिने सेमिनारसाठी घेतला होता आणि तो तिच्या डोक्यातून गेला नव्हता. माणसाला फोलेट, म्हणजे बी९, अन्नातूनच मिळवावं लागतं. आपल्या पेशीत ते तयार होत नाही. मलेरियाचा परजीवी मात्र ते मुळापासून बनवतो. पेशीतल्या जीटीपी या रेणूपासून टेरिनचं कडं, त्याला पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्ल, म्हणजे पाबा, जोडायचं आणि शेवटी ग्लुटामेट लावायचं. टेरिनला पाबा जोडणारं एन्झाइम डीएचपीएस. सल्फाडॉक्सिन तिथे बसतं. पुढच्या पायरीवरच्या डीएचएफआर या एन्झाइमला पायरीमेथामिन अडवतं. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ईशान्येकडची राज्यं सोडून बाकी भारतात फाल्सिपॅरम या परजीवीच्या मलेरियासाठी आर्टेसुनेटच्या जोडीला हीच दोन औषधं द्यायची होती. म्हणजे विषय पुस्तकी नव्हता.

लक्ष्य निवडताना

पहिला निर्णय कोणत्या जीवनसत्त्वाच्या वाटेवर जायचं हा होता. या टप्प्यावर आम्ही खरंच नीट विचार केला, म्हणून तो जरा सविस्तर सांगते.

बी६ मोहात पाडणारं होतं. परजीवीकडे पीडीएक्स१ आणि पीडीएक्स२ अशी जोडगोळी आहे. रायबोज-५-फॉस्फेट, ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट आणि ग्लुटामिन घेऊन ती थेट पायरिडॉक्साल फॉस्फेट बनवते. माणसात ही एन्झाइमं नाहीतच. पण परजीवीकडे पायरिडॉक्साल कायनेजही आहे, म्हणजे बाहेरून आलेलं बी६ तो वापरात आणू शकतो. कारखाना बंद पाडला तरी मागच्या दाराने माल येतच राहायचा. बी१ चीही तीच गत: थोडं बनवतो, थोडं उचलतो.

बी५, म्हणजे पॅन्टोथेनेट, याच्या बरोबर उलट. ते परजीवी रक्तातूनच घेतो, आणि त्यावाचून त्याची वाढ खुंटते. १९८५ मध्ये संवर्धनाच्या माध्यमातून एकेक जीवनसत्त्व काढून पाहिलं गेलं, तेव्हा बाहेरून द्यावंच लागणारं एकमेव जीवनसत्त्व हेच निघालं. तिथे घाव घालायचा तर पॅन्टोथेनेटसारखे दिसणारे खोटे रेणू हवेत. त्यांना सीरममधलं पॅन्टेथिनेज तोडून टाकतं. आमच्या प्रयोगशाळेच्या आवाक्यात ते नव्हतं.

राहिलं फोलेट. व्हायवॅक्स या दुसऱ्या मलेरिया परजीवीच्या एचपीपीके-डीएचपीएस या जोडएन्झाइमची स्फटिकरचना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली होती, त्यामुळे संगणकावर डॉकिंग, म्हणजे रेणू एन्झाइमच्या खाचेत कसा बसतो ते पाहणं, करता येणार होतं. सल्फाडॉक्सिनच्याच कुळातलं सल्फाडायझिन स्टोअरमध्ये पडून होतं. त्याच्या मोकळ्या अमिनो टोकाला वेगवेगळे ॲरोमॅटिक अल्डिहाइड जोडून दहा शिफ बेस करायचे, डॉकिंग करायचं आणि बाहेरच्या प्रयोगशाळेतून परजीवीवर चाचणी करून घ्यायची. फार्मसीच्या मंडळींना हा आराखडा ओळखीचा वाटेल. दरवर्षी असे कितीतरी प्रबंध होतात. मी सही केली.

इथे एक प्रश्न विचारायला हवा होता, तो मी विचारला नाही. तो पुढे येईल.

अडचण

डिसेंबरपर्यंत दहाही संयुगं तयार झाली. वितळबिंदू, रेणूची रचना तपासणारे आयआर आणि एनएमआर, सगळं जागेवर. डॉकिंगचे आकडेही सल्फाडॉक्सिनपेक्षा सरस. दहा छोट्या कुप्या थर्माकोलच्या डब्यात घालून तिने मुंबई नाक्यावरून कुरिअर केल्या.

जानेवारीत अहवाल आला. एक्सेलची एक शीट, बारा ओळी: आमची दहा संयुगं, मग कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, ठेवलेली दोन सिद्ध औषधं: क्लोरोक्विन आणि सल्फाडॉक्सिन. दहाच्या दहा निष्प्रभ. सर्वांत जास्त मात्रेलाही परजीवी मजेत वाढले होते.

तिचा चेहरा पडला. आम्ही दोघींनी तीन आठवडे त्या पहिल्या दहा ओळींवर घातले. विरघळत नसतील का? पेशीत शिरत नसतील का? क्लोरीनच्या जागी फ्लोरीन हवं होतं का? तेव्हाच्या माझ्या वहीत नव्या पाच संयुगांच्या रचनासुद्धा काढलेल्या आहेत.

बाराव्या ओळीकडे पाहिलं ते तिनेच. एका संध्याकाळी स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाली, "मॅडम, सल्फाडॉक्सिनचंही काही झालेलं नाही. आपली दहा नापास ठीक आहेत, पण हे कसं नापास होईल?"

क्लोरोक्विनची ओळ अगदी नमुनेदार होती, म्हणजे चाचणी चालत होती. पण ज्या कुळातल्या औषधाशी आमची तुलना होती, त्याच कुळातल्या सिद्ध औषधाबाबत ती आंधळी ठरली होती. मग दहा संयुगांबद्दल आम्हाला काहीच कळलेलं नव्हतं. "निष्प्रभ" हा निष्कर्षसुद्धा काढता येत नव्हता.

समोरचे पर्याय

माझी पहिली प्रतिक्रिया सांगायला संकोच वाटतो. मी म्हणाले, त्यांचं सल्फाडॉक्सिन जुनं असेल, तक्रारीची मेल टाक. तिने मेल लिहिली, पण भाषा मवाळ ठेवली आणि लॉट क्रमांकासोबत पूर्ण कार्यपद्धतीही मागवली. हा तिचा शहाणपणा.

दोन दिवसांत उत्तर आलं. सल्फाडॉक्सिन नवं होतं. फाल्सिपॅरमची ३डी७ ही जात, पाच टक्के सॉर्बिटॉलने एकसारख्या वयाच्या केलेल्या रिंग, म्हणजे कोवळ्या, अवस्था, ४८ तास, सायबर ग्रीन या रंगाने डीएनए मोजणी. आणि माध्यम: आरपीएमआय १६४०.

हे माध्यम मुळात माणसाच्या पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी बेतलेलं. १९७६ मध्ये ट्रेगर आणि जेन्सन यांनी फाल्सिपॅरम पहिल्यांदा सलग संवर्धनात ठेवला तोही याच माध्यमात, आणि तेव्हापासून जगभर तेच चालतं. तिने त्याच्या घटकांची यादी छापून आणली आणि जीवनसत्त्वांच्या रकान्यात दोन ओळींखाली पेनने रेघ मारली. फॉलिक ॲसिड, लिटरला १ मिलिग्रॅम. पाबा, लिटरला १ मिलिग्रॅम.

जात्याचं उदाहरण घेते. सल्फा औषध म्हणजे जात्याच्या तोंडात धान्याच्या जागी अडकलेला खडा. पाबा भरपूर ओतलं की ते त्या जागेसाठी चढाओढ करतं आणि खडा बाजूला सरतो. फॉलिक ॲसिड म्हणजे तर दुकानातलं तयार पीठ. ते मिळत असेल तर जातं बंद पडलं काय नि चालू राहिलं काय. आमच्या माध्यमात धान्यही होतं आणि पीठही. आकड्यातच सांगायचं तर लिटरला १ मिलिग्रॅम म्हणजे मिलिलिटरला १००० नॅनोग्रॅम. निरोगी माणसाच्या सीरममध्ये फोलेट मिलिलिटरला साधारण ३ ते २० नॅनोग्रॅम असतं.

नवं यात काहीच नव्हतं, हेच जास्त लागलं. १९४० मध्ये वुड्स यांनी जिवाणूंवर दाखवलं होतं की पाबा घातलं की सल्फा हतबल होतं. १९५२ मध्ये मेग्रेथ आणि सहकाऱ्यांना दिसलं की फक्त दुधावर ठेवलेल्या उंदरांमध्ये बर्घाय जातीचा मलेरिया वाढत नाही. पुढच्याच वर्षी हॉकिंग यांनी त्या उंदरांना पाबा दिलं आणि मलेरिया परत वाढला, कारण दुधात पाबा अगदीच थोडं. गरोदर बायांना सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन देताना फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी सोबत नको, ०.४ मिलिग्रॅमचीच द्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेही याच कारणाने. हा शेवटचा मुद्दा तर मी वर्गात शिकवते.

ती मात्र दुसरंच बोलली. "पप्पा पोटॅश टाकायच्या आधी देठ परीक्षणाला पाठवतात. वेलीत आधीच भरपूर असलं तर टाकलेल्याचा फरक कुठून दिसणार?" फुलोऱ्याच्या वेळी पानांचे देठ गोळा करून प्रयोगशाळेत द्यायचे, हे नाशिकच्या बागायतदाराला सांगावं लागत नाही. आम्ही परजीवीचं देठ परीक्षण न करताच फवारणी केली होती.

आता समोर तीन वाटा होत्या. एक, आहे तसा अहवाल प्रबंधात घालायचा आणि "पुढील संशोधनास वाव" असं लिहून मोकळं व्हायचं. पदवी मिळाली असती, कुणी अडवलं नसतं. दुसरी, मलेरिया सोडून हीच संयुगं जिवाणूंवर तपासायची. ती चाचणी आमच्याच इमारतीत होते. तिसरी, फॉलिक ॲसिड नसलेलं आणि पाबा नावापुरतं असलेलं माध्यम वापरून पुन्हा चाचणी. पण असं माध्यम वेगळं मागवावं लागतं, परजीवीला त्यात काही दिवस रुळू द्यावं लागतं, आणि खर्च पुन्हा पहिल्यापासून. दहा संयुगांसाठी पैसेही नव्हते, वेळही नव्हता.

मी दुसऱ्या वाटेकडे झुकले होते. तिने तिसरी धरून ठेवली, पण छोटी करून: दहाऐवजी दोनच संयुगं, आणि प्रत्येक चाचणी दोनदा. एकदा पाबा नसताना, एकदा मुद्दाम वरून पाबा घालून. संयुग खरंच डीएचपीएसवर बसत असेल तर पाबा घातल्यावर त्याचा परिणाम पुसला गेला पाहिजे. हॉकिंग यांनी उंदरात केलं तेच बशीत करायचं. दोन निकालांत दहा संयुगांपेक्षा जास्त उत्तर मिळणार होतं. मला हे पटलं.

काय केलं

त्या प्रयोगशाळेने सहकार्य केलं. किंबहुना त्यांचं म्हणणं रास्त होतं: तुम्ही संयुगांचा वर्ग कळवला असता तर आम्हीच विचारलं असतं. आमच्या अर्जावर फक्त "नवीन संयुगे, दहा" एवढंच लिहिलं होतं. अर्ज मी भरला होता.

या वेळी माध्यमाखेरीज त्यांनी आणखी तीन बदल केले. माणसाचं सीरम न घेता ॲल्ब्युमॅक्स, म्हणजे गाईच्या रक्तातलं ॲल्ब्युमिन, वापरलं, कारण सीरमसोबत फोलेट येतं. ४८ ऐवजी ९६ तास, म्हणजे परजीवीची दोन आवर्तनं ठेवली, कारण ही औषधं मंद असतात आणि पहिल्या फेरीत परजीवी साठ्यावर तग धरतो. आणि ३डी७ सोबत दुसरीही एक जात घेतली. ३डी७ च्या डीएचपीएसमध्ये ४३७ क्रमांकावर ॲलॅनिनच्या जागी ग्लायसिन आहे, आणि सल्फाप्रतिकाराच्या बदलांमध्ये हा बदल नेहमी दिसतो. जिला आपण संदर्भ जात म्हणून धरतो तीच याबाबतीत पूर्ण निरागस नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मार्चमध्ये निकाल आला. सल्फाडॉक्सिन आता चाललं, आणि पाबा घातल्यावर त्याचा परिणाम गेला. चाचणीला डोळे आले होते.

आमचं चौथं संयुग परजीवी मारत होतं, पण पाबाने त्याला काही फरक पडत नव्हता. क्षणभर वाटलं, नवं लक्ष्य सापडलं. मग त्यांनी जिम्सा रंगवलेल्या काचेचे फोटो पाठवले. लाल पेशीच उरल्या नव्हत्या, नुसत्या फिकट कडा. संयुगाने तांबड्या पेशी फोडल्या होत्या. घरच पाडल्यावर भाडेकरू राहील कुठे?

सातवं संयुग, व्हॅनिलिनपासून केलेलं, अगदी हवं तसं वागलं. पाबा नसताना परजीवी थांबले, पाबा घातल्यावर पुन्हा वाढले. त्या दिवशी आम्ही स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

दुसरा धक्का

पेढे वाटल्यावर आठवडाभरात आमच्याच विभागातल्या एका ज्येष्ठ सरांनी प्रबंधाचा मसुदा चाळला आणि मी सुरुवातीला न विचारलेला तो प्रश्न विचारला. "बाळ, सल्फाचं चौथ्या जागेवरचं मोकळं अमिनो टोक तू अल्डिहाइडने बांधून टाकलंस. एन्झाइम पाबाच्या त्याच टोकाला टेरिन जोडतं ना? मग हे संयुग तिथे काम करतंच कसं?"

डॉकिंगच्या आकड्यांनी आम्हाला हे विसरायला लावलं होतं. संगणक रेणू खाचेत मावतो का ते पाहतो. तिथे रासायनिक बंध घडायचा आहे, हे त्याच्या गावीही नसतं.

उत्तर कदाचित आमच्या संयुगाच्या नाजूकपणातच होतं. शिफ बेसचा इमिन बंध, म्हणजे अमिनो टोक आणि अल्डिहाइड यांचा सांधा, पाण्यात सुटू शकतो, आणि सुटला की एका बाजूला अल्डिहाइड आणि दुसऱ्या बाजूला मूळ सल्फाडायझिन. हे तपासायला महागडं काही लागत नाही. तिने सातवं संयुग थोड्या डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ७.४ पीएचच्या बफरमध्ये टाकलं, ३७ अंशांवर ठेवलं आणि शून्य, दोन, सहा आणि चोवीस तासांनी टीएलसी प्लेटवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर वेगळे करणाऱ्या प्लेटवर, ठिपके दिले. शेजारी सल्फाडायझिनचा ठिपका.

यूव्ही दिव्याखाली प्लेट धरली तेव्हा काही बोलायची गरज उरली नाही. शून्य तासाला आमचा एकच ठिपका, वर. दोन तासांनी खाली एक पुसट सावली. सहाला दोन्ही सारखे ठळक. चोवीस तासांच्या रांगेत वरचा ठिपका शोधावा लागत होता आणि खालचा सल्फाडायझिनच्या अगदी ओळीत. नळीचं बूच उघडून तिने हुंगलं. "मॅडम, आइस्क्रीमसारखा वास येतोय." व्हॅनिलिन मोकळं झालं होतं.

९६ तासांच्या चाचणीत परजीवी ज्याने थांबले ते आमचं संयुग नव्हतंच. ते जुनंपुराणं सल्फाडायझिन होतं, व्हॅनिलाचा अंगरखा घालून आलेलं. याचाही इतिहासात दाखला आहे. प्रॉन्टोसिल नावाचा लाल रंग जिवाणूंवर चालतो हे १९३५ मध्ये जाहीर झालं, आणि त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये कळलं की शरीरात तो रंग तुटतो आणि काम करतं ते त्यातून निघालेलं बिनरंगी सल्फानिलामाइड.

निष्पत्ती

प्रबंधाचं शीर्षक बदलावं लागलं. "नवीन डीएचपीएस रोधकांची निर्मिती" यातला "नवीन" हा शब्द आम्हीच खोडला. अंतिम मसुद्यात दोन गोष्टी मुख्य ठरल्या: नेहमीच्या माध्यमात आणि पाबा-फोलेट काढलेल्या माध्यमात सल्फाडॉक्सिनचा निकाल कसा उलटतो, आणि शिफ बेस पाण्यात किती वेळ टिकतो. दहा संयुगांचं संश्लेषण एका प्रकरणात आटोपलं. उरलेल्या आठांची परजीवीवर फेरचाचणी झाली नाही. बफरमध्ये मात्र तिने आठही ठेवली आणि आठांतही सल्फाडायझिनचा ठिपका उतरला, कुठे लवकर, कुठे उशिरा.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी टीएलसीच्या फोटोवरच वीस मिनिटं घेतली. त्यांचा शेवटचा प्रश्न: "हे तुम्ही पहिल्या महिन्यात का नाही केलं?" तिने माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

आज करायचं झालं तर

टीएलसीची ती चाचणी दोन दिवसांची आणि जवळजवळ फुकट आहे. ती कुरिअरच्या आधी व्हायला हवी होती. आता माझ्या विद्यार्थ्यांनी पाण्यात तुटू शकणारा बंध असलेलं संयुग केलं, तर बफरमधली प्लेट पाहिल्याशिवाय मी कुप्या बाहेर जाऊ देत नाही.

अहवालाची शेवटची ओळ आधी वाचायची, हे लिहायला सोपं आहे. आम्ही तीन आठवडे घालवले ते आळसाने नाही. आपलं लेकरू नापास झाल्यावर वर्गाचा निकाल कोण बघतं? म्हणून आता अहवाल आला की कंट्रोलच्या ओळी मी आधी वेगळ्या कागदावर उतरवून घेते आणि संयुगांच्या ओळी दुसऱ्या दिवशी उघडते. थोडं बालिश आहे, पण चालतं.

लक्ष्यनिवडीबद्दल माझं मत आजही तेच आहे: फोलेट निवडणं चूक नव्हतं. उलट बी६ घेतलं असतं तर अडचण आणखी लपून राहिली असती. त्याच आरपीएमआयमध्ये पायरिडॉक्सिनही लिटरला १ मिलिग्रॅम आहे, आणि पीडीएक्स१ वर चालणारं एकही प्रचलित औषध नाही, म्हणजे "हे कसं नापास होईल?" असं विचारायला बारावी ओळच नसती. जीवनसत्त्वाच्या मार्गावर काम करायचं तर अर्जासोबत माध्यमाची यादी जोडायची आणि त्यातलं कोणतं जीवनसत्त्व काढायचं ते आपणच लिहून द्यायचं, एवढं आता आमच्या विभागात ठरलं आहे.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. तिला वाटतं, फेब्रुवारीत दोन संयुगांऐवजी एकच घ्यायला हवं होतं आणि वाचलेल्या पैशांत नुसतं सल्फाडायझिन तिसऱ्या ओळीत ठेवायला हवं होतं. सातव्याची आणि त्याची रेघ एकमेकींवर पडली असती, तर सरांनी प्रश्न विचारायच्या आधीच आम्हाला कळलं असतं. मी म्हणते, चौथं घेतलं नसतं तर फुटलेल्या पेशींचा धडा मिळाला नसता. मागच्या द्राक्षहंगामात ती दोन पेट्या घेऊन आली होती, तेव्हाही हाच वाद झाला. पाच किलोच्या पेटीतली अर्धी द्राक्षं स्टाफरूममध्ये संपली, वाद तिथेच राहिला.